माया न ठेवलेला कोट

५ जानेवारी

ढमे,

तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, आठ वर्षं मी तिच्या मागे लागले होते. शेवटी कंटाळून म्हणाली, "लिही बाई, पण टोचून लिहू नकोस." मी म्हटलं, शिंपीण आहे मी, टोचल्याशिवाय मला काही जोडता येत नाही.

तू गणिताची विभागप्रमुख झालीस असं कळलं. बरं वाटलं. जूनमध्ये पद हाती घेणार, मोठ्या सभागृहात तुझं भाषण होणार, बाहेरच्या कॉलेजांतले लोक येणार, हेही कळलं. म्हणजे कोट लागणार. मावशीने तुझा एक फोटो दाखवला. अंगात करडं जॅकेट, गुडघ्यापर्यंत आलेलं, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. अंगापेक्षा बोंगा मोठा. जाड बाईने अंग लपवायला ढगळ कपडा घातला की ती लपत नाही, आहे त्याच्या दीडपट दिसते. हे मी तुला दहा वर्षांची असल्यापासून सांगत आलेय, पण घरच्या शिंपिणीचं ऐकतो कोण.

तयार कोट घेऊ नकोस. दुकानात मोठ्या मापाचे म्हणून जे टांगलेले असतात ते लहान बाईचेच कोट, चहूबाजूंनी फुगवलेले. जशी काही बाई जाड झाली की तिचे हातही लांब होतात आणि मानही रुंद होते. छातीला बसेल असा घ्यावा तर खांदा कोपराकडे घरंगळतो, खांद्याला बसेल असा घ्यावा तर बटण लागत नाही. मग विकणारी पोरगी म्हणते, "मॅडम, उघडाच घाला, छान दिसतो." बटण न लागणारा कोट म्हणजे कोट नव्हे, अंगावर टाकलेला टॉवेल.

मला माप पाठव. छाती, कंबर, सीट, खांदा, दंड, बाही, मानेपासून कमरेपर्यंत पाठ. कुणाला तरी घ्यायला सांग, स्वतःचं माप स्वतः घेतलं की टेप वाकडा जातो. पोट आत ओढून धरू नकोस. माझ्याकडे गडद निळं लोकरीचं कापड आहे, ना जाड ना पातळ, अंगावर पडलं की पडून राहील असं. तीन वर्षं कुणाला कापून दिलेलं नाही.

दुकान चाललंय. क्लासला सात बायका येतात. गुडघे कुरकुरतात, पण पायाने चालवायचं मशीन कधीच काढून टाकलं, त्यामुळे त्यांना फार तक्रारीला जागा नाही.

तू कशावरून गेलीस ते मला आजवर कळलेलं नाही. बाजारातून आले तर घर रिकामं. एका कोटावरून कुणी आईला टाकतं का? बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात येताजाता तुझा हात डब्यात असायचा, ते मी बघत होते. कोट शिवला तेव्हा बसत होता आणि घालायच्या दिवशी बसला नाही, यात शिंपिणीने काय करायचं? पण असो. झालं गेलं. माप तेवढं पाठव.

आई


२८ जानेवारी

ढमे,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलंय, मावशीकडून खात्री करून घेतली. तू उघडून वाचलंस की नाही ते तिला सांगता येईना.

तुझ्याकडून नाही आलं, तरी एक माप आलं दुकानात. पुलांची तपासणी करणाऱ्या इंजिनियर बाई आहेत एक, पन्नाशी उलटलेल्या. क्लासच्या बायका त्यांना पूलवाल्या बाई म्हणतात, मीही तेच म्हणते. अंगाने तुझ्याएवढ्या, थोड्या जास्तच. आजवर हेल्मेट आणि बूट घालून पुलाखाली हिंडल्या, आता बढती मिळाली, मोठ्या कमिटीपुढे बसून बोलायचं, म्हणून सूट हवा. चार दुकानं हिंडून आल्या होत्या. एका ठिकाणी त्यांना पुरुषांच्या विभागात पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, काळा घ्या, काळ्यात बारीक दिसाल. त्या मला म्हणाल्या, "मला बारीक दिसायचं नाहीये. मला पूल बंद करायला सांगायचाय, आणि समोरच्यांनी ते ऐकायला हवं. बटण ओढत बसले तर कोण ऐकेल?"

मला बाई आवडल्या.

माप घेताना त्यांनी विचारलं, "माझ्यासारखीचा सूट कधी शिवलाय का?"

मी म्हटलं, "माझ्या मुलीचा."

"आता कोण शिवतं तिचे?"

"मीच," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. गिऱ्हाइकापुढे आपलं घर काय उघडं करायचं.

पण पुढे गंमत झाली. मी टेप लावून छाती बघितली आणि वहीत लिहिली. बाई खाली वाकून वहीत बघतात तर काय. म्हणाल्या, "टेपवर अठ्ठेचाळीस होते. तुम्ही सेहेचाळीस लिहिलेत."

मी बघितलं. खरंच सेहेचाळीस लिहिलं होतं.

"सवय," मी म्हटलं.

"कसली सवय?"

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय.  त्यांनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा टेप काढला, त्यांच्या कामाचा, टेबलावर माझ्या टेपशेजारी ताणून धरला आणि दोन्ही सारखेच आहेत याची खात्री केली. मग म्हणाल्या, "आता पुन्हा घ्या. मी आकडा मोठ्याने म्हणते, तुम्ही तोच लिहा." आणि तसं केलं. छाती अठ्ठेचाळीस, कंबर चव्वेचाळीस, सीट बावन्न, दंड अठरा. पाढे म्हटल्यासारखे म्हणाल्या, सगळ्या क्लाससमोर. त्या आकड्यांची त्यांना काडीची लाज नव्हती. मला मात्र कानकोंडं झालं, का ते सांगता येत नाही.

जाताना म्हणाल्या, बसल्यावरही माप घ्या. बसलं की अंग पसरतं, आणि मला तर बसूनच भांडायचंय. चाळीस वर्षं मशीनवर काढली, पण गिऱ्हाइकाला बसवून माप घ्यायचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

तुझं माप पाठव. बसूनही घे.

आई


१९ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चार ओळी. तू काय लिहिलंस ते तुला पुन्हा दाखवते, म्हणजे वाचताना मला काय वाटलं असेल ते तुला कळेल.

"आई, माप पाठवणार नाही. मला ढमी म्हणू नकोस. तो कोट मी उसवून बघितला होता आणि टेबलावर ठेवून गेले होते, त्यामुळे मी का गेले ते तुला माहीत नाही असं लिहू नकोस. तू सगळ्यांना सांगितलंस की मी आठवड्यात फुगले. ज्यांना तेव्हा खोटं सांगितलंस त्यांना आता खरं सांग. मग लिही."

आठ वर्षांनी आईला लिहायला तुला एवढंच सुचलं. तब्येत कशी आहे नाही, जेवतेस का नाही.

बरं. उसवून बघितलास ना? मग ऐक. हो, कमी कापला होता. छातीत दोन इंच, पाठीत एक. मी कापला, शुद्धीत कापला. समाधान झालं?

आता का कापला तेही ऐक. तुझ्या भल्यासाठी. तू पंचवीस वर्षांची होतीस. तुझ्या बरोबरीच्या पोरी बघ आणि तू बघ. डॉक्टर सांगून थकले, मी सांगून थकले. मला वाटलं, आवडीचा कोट आहे, आयुष्यातली पहिली मोठी मुलाखत आहे, बटण लागत नाही म्हटल्यावर चार दिवस तरी तोंडाला कुलूप लावेल. लोक नाही का परीक्षेआधी मुलांना कोंडून घालत? आपल्याच पोरीला आपण चिमटा काढायचा नाही तर कुणी? तू माझं ऐकत नव्हतीस, म्हटलं कापडाचं ऐकशील.

आणि सगळ्यांना सांगितलं म्हणजे काय? मावशीने विचारलं, क्लासमधल्या बायकांनी विचारलं, मी काय सांगणार होते? बायकांनो, मला कोट शिवता येत नाही, माझ्याकडे शिकायला येत जाऊ नका, असं? या दुकानावर तुझं शिक्षण झालं. तुझे बाबा गेले तेव्हा तू सातवीत होतीस. त्यानंतर आपल्या दोघींच्या ताटात जे पडलं ते या हातांच्या नावावर पडलं. ते नाव मी माझ्या तोंडाने बुडवू?

नंतर तू अठरा किलो उतरलीस की नाही? चार वर्षं दुकानात माझ्या शेजारी बसून उतरलीस. येणारी जाणारी म्हणायची, वा, काय सुरेख दिसतेय पोर. मग मी चुकले कुठे?

कोट नको तर नको. घाल ते करडं पोतं.

आई


१२ मार्च

मागचं पत्र टाकलं आणि टपालपेटीच्या तोंडाशी हात अडकवून उभी राहिले, निघतं का बघायला. निघालं नाही.

अठरा किलोंबद्दल मी लिहिलं. एका दुपारी तू मशीनवरून खाली पडलीस ते नाही लिहिलं. तुझं डोकं टेबलाच्या कडेला लागलं, भुवईवर तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, आज काय खाल्लं? तू म्हणालीस, सकाळी एक सफरचंद. मी शेजारी उभी होते आणि मनात म्हणत होते, टाके वाकडे घातलेत. हे खरं आहे. मी डॉक्टरांच्या टाक्यांना नावं ठेवत होते.

काल पूलवाल्या बाईंची ट्रायल होती. कच्ची शिलाई घातलेला कोट अंगावर चढवला. मी बाहेर उभी राहून नेहमीसारखं बघत होते: खांद्याची शिवण हाडावर संपतेय, बटणाभोवती चुण्या नाहीत, पाठीवर आडवी सुरकुती नाही. एकच बटण ठेवलंय, जिथे खरी कंबर आहे तिथे, पोटावर नाही. खांद्याला पॅड नावापुरतं. बाही दंडावर मोकळी आणि मनगटाकडे निमुळती, अस्तर गुळगुळीत, म्हणजे हात अडकत नाही. पँटची कंबर मागून थोडी उंच धरलीय, बसलं की खाली ओढू नये म्हणून. मी बघत होते आणि खूश होत होते. मग बाई भिंतीकडे गेल्या आणि हात उचलून भिंतीवर बोटाने लिहायला लागल्या. वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ.

मी विचारलं, "हे काय करताय?"

म्हणाल्या, "फळ्यावर आकृती काढून दाखवावी लागेल ना. हात वर जातो का बघतेय."

हात वर गेला. कोट हातासोबत वर गेला आणि हातासोबत खाली आला. कुठे कुरकुर नाही.

मी खुर्चीवर बसले. क्लासमधल्या एकीने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, गुडघे.

तुझ्या मुलाखतीच्या दिवशी तू मला फक्त एक शब्द बोललीस. "फाटला." उन्हात स्वेटर घालून आली होतीस. बाकीचं मला मावशीकडून कळलं: की नमुन्याचा तास घ्यायला सांगितला होता, तू खडू घेऊन फळ्याकडे वळलीस, पहिलंच समीकरण लिहायला हात वर केलास, आणि काखेपासून पाठीपर्यंत शिवण गेली. आवाज झाला. पाचजण बसले होते, त्यातला एकजण हसला, दुसऱ्याने खिडकीबाहेर बघितलं. तू हात खाली घेतलास आणि उरलेला तास फळ्याकडे न वळता, नुसतं तोंडाने शिकवलास. मग कुणीतरी म्हणालं, ठीक आहे, कळवू.

आणि त्या कोटाच्या ट्रायलच्या दिवशी तू मला सांगितलं होतंस. आरशापुढे उभी राहून म्हणालीस, "आई, हात वर होत नाही." मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच. "शिकवायला तोंड लागतं, हात नाही. श्वास आत घे."

तेव्हा मला उसवून देता आला असता, असं तुला वाटलं असेल. चार वर्षं वाटत राहिलं असेल. मग तू दुसऱ्या एका मुलाखतीसाठी तोच फाटलेला कोट दुरुस्त करायला घेतलास, मी बाजारात असताना. अस्तर उघडलंस, शिवणीत बघितलंस. शिवणीच्या आत जास्तीचं कापड आपण ठेवतो, ज्याला आपण माया म्हणतो, ती तिथे नव्हती. मीच तुला शिकवलेलं: बाईचं अंग आहे, दगड नव्हे, इंचभर माया सोडल्याशिवाय कात्री लावायची नाही. क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी हेच सांगते. आणि तुझ्या कोटात दोऱ्याच्या पलीकडे चार सूत कापड नव्हतं.

मी घरी आले तेव्हा कोट टेबलावर पालथा होता, सगळ्या शिवणी बाहेर. मी तो बघितला. म्हणजे तू का गेलीस हे मला त्याच मिनिटाला कळलं. आठ वर्षं मी ते माहीत नसल्यासारखं वागले. पहिल्या पत्रातही.

आता जे तिसऱ्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. तू बारीक व्हावीस म्हणून कमी कापला असता तर मी माया ठेवली असती. बारीक झालीस तर उत्तम, नाही झालीस तर आदल्या दिवशी उसवून मोकळा करून दिला असता. शिंपीण असंच करते. मी माया कापून टाकली. कापल्यावर चिंध्या चुलीत टाकल्या, म्हणजे तुला जोड देता येऊ नये. अस्तर लावायचं काम नेहमी तुझं असायचं, त्या कोटाचं मी स्वतः लावलं, म्हणजे तुला आतली शिवण दिसू नये. तू म्हणालीस, आण, मी लावते. मी म्हटलं, तू अभ्यास कर.

ती नोकरी सोळा तासांच्या अंतरावर होती. तू मला मुलाखतीचं पत्र वाचून दाखवलंस तेव्हा तुझा चेहरा मी बघितला. तू मनाने गेलीच होतीस. तुझे बाबा गेल्यापासून घरात दोघीच. काज तू करायचीस, अस्तर तू लावायचीस, गिऱ्हाइकांशी गोड तू बोलायचीस. मी कात्री चालवायची आणि तोंड चालवायचं. तू गेल्यावर मी त्या दोन खोल्यांत कुणाशी बोलणार होते? तू जाड आहेस म्हणून नाही, तू जाणार आहेस म्हणून मी तो कोट तसा कापला. तुझं जाडेपण हाताशी होतं, ते पुढे केलं. सगळ्यांनी लगेच मान्य केलं. कुणी एकानेही विचारलं नाही की कोट तर लहान नव्हता? जाड पोरीच्या अंगावर कपडा फाटला की दोष कुणाचा, हे लोकांचं आधीच ठरलेलं असतं. तू स्वतःही चार वर्षं तेच मानलंस. मी ते मानू दिलं.

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच आधी लिहिलं. तू म्हणालीस लोकांना सांग, मग लिही. मी उलट केलं. तेवढं सांभाळून घे, किंवा नको घेऊस.

आई


४ एप्रिल

सांगितलं.

आधी मावशीला, फोनवर. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मी त्या पोरीला लग्नाकार्यात, आजारपणात, जिथे भेटेल तिथे म्हणत आले, जिभेवर ताबा ठेव, आईच्या मेहनतीचं पाणी केलंस. तुझं ऐकून म्हणत आले." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आता मी तिला काय तोंड दाखवू ते सांग." आणि फोन ठेवला. त्याला तीन आठवडे झाले. माझे फोन ती उचलत नाही. तुला केला असेल तर मला सांगू नकोस, ते तुमचं तुम्ही.

मग क्लासला. कापायचा धडा होता, मायेपर्यंत आले आणि तिथेच सांगितलं. वाटलं होतं तोंडावर थुंकतील. तसं काही झालं नाही, त्याहून वाईट झालं. सगळ्या माझी बाजू घ्यायला लागल्या. एक म्हणाली, "बाई, आईच ती, पोटतिडिकेनेच केलं असणार." दुसरी म्हणाली, "त्या निमित्ताने बारीक तरी झाली ना." तिसरी म्हणाली, माझ्या आईने तर मला चटके दिले होते, आज मी तिचे आभार मानते. मी म्हणत राहिले, नाही, तिच्या भल्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. त्या म्हणत राहिल्या, तुम्ही उगीच मनाला लावून घेता. माझं तिसरं पत्र त्या मला सात तोंडांनी वाचून दाखवत होत्या. शेवटी मी टेबलावर कात्री आपटली तेव्हा थांबल्या. दुसऱ्या दिवशी सातही जणी आल्या. त्यांनी मला केव्हाच माफ करून टाकलंय. मी माफी मागितली नव्हती.

पूलवाल्या बाईंना सांगायचं काही कारण नव्हतं. त्यांना मी जुनं खोटं काही सांगितलेलं नव्हतं. मग आठवलं, सांगितलं होतं. मुलीचे कपडे मीच शिवते म्हणाले होते.

त्या सूट न्यायला आल्या. पुरा झाला होता, इस्त्री करून टांगला होता. त्यांनी घातला, बसल्या, उठल्या, वाकल्या, भिंतीवर लिहिलं. मला खोटं वाटेल असं लिहायचं नाही, पण एवढं म्हणते, माझ्या हातून याहून चांगला कोट गेलेला नाही. त्या आरशात बघून हसल्या. आरशात बघून अशी हसणारी बाई माझ्या दुकानात कमी वेळा दिसलीय, आणि तुझ्यासारख्या अंगाची तर नाहीच. तेव्हा गप्प बसावं असं फार वाटलं. तरी सांगितलं. माझी मुलगी आठ वर्षं माझ्याकडे आलेली नाही, आणि का, ते.

 त्यांनी कोट काढला. टेबलावर उलटा पसरला, पिशवीतून स्टीलचा टेप काढला. छाती मापली. पाठ मापली. काखेचा मुंडा, बाही, कंबर. वहीतला आकडा बघायच्या, टेप बघायच्या, पुढे जायच्या. मग माझी उसवायची सुई उचलून अस्तराची खालची शिवण चार बोटं उघडली आणि आत बोट घालून माया चाचपली. मी त्यांना हवं तेवढं बघू दिलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"शिवून द्या."

मी ती चार बोटं हाताने शिवून दिली. त्या समोर उभ्या राहून बघत होत्या. सूट घेतला, दारापर्यंत गेल्या, मग वळल्या. म्हणाल्या, "माझ्या आईने मला शाळेच्या स्नेहसंमेलनात कधी पुढे उभं राहू दिलं नाही. म्हणायची, मागच्यांना दिसणार नाही. मी बावन्न वर्षांची आहे, आणि अजून कुठेही गेले की आधी मागे बसते." मग म्हणाल्या, "तुम्ही काम चांगलं करता. पण मी पुन्हा येणार नाही. माप देताना बाईला अंगावरचं सगळं खाली ठेवून उभं राहावं लागतं. तुमच्यापुढे ते आता जमणार नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे.

तर तू सांगितलंस तेवढं झालं. मावशी, क्लास, आणि एक जास्तीचं. कोटाबद्दल आता विचारत नाही. तिकडे चांगला शिंपी बघ. त्याला तुझ्याकडून हवा तेवढा वेळ घेऊ दे, आणि हात वर करून, खाली बसून, फळ्यावर लिहून बघितल्याशिवाय ताब्यात घेऊ नकोस. तो म्हणाला श्वास आत घ्या, तर तिथून निघून जा.

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही, असं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. लिहायला घेतलं तर तेही खोटंच निघालं. बघतेय.

आई